कामठ्याचें ‘बंड’ आणि धाडसवाचक शब्दांचा विवेक

इतिहासलेखनांत तारखेची चूक झाली तर ती नवा कागद सांपडतांच दुरुस्त होते. शब्दाची चूक मात्र पिढ्यानुपिढ्या चालत राहते, कारण तिच्याकडे चूक म्हणून कोणी पाहतच नाहीं. धाडस, साहस, धैर्य, धिटाई, हिंमत, पुंडाई, बंड हे शब्द आमच्या ऐतिहासिक लिखाणांत एकमेकांच्या जागीं सर्रास योजिले जातात. वस्तुतः ते समानार्थी नाहींत. त्यांपैकीं एकाची निवड करणें म्हणजे निकाल देणेंच होय. हें एका लहानशा प्रसंगावरून वाचकांच्या नजरेस आणावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रसंग कामठ्याचा आहे. कामठा म्हणजे नागपुराजवळील छावणीचें कामठी नव्हे. पूर्वी भंडारा जिल्ह्यांत मोडणारें व इ. स. १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत असलेलें हें गांव नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत एका मोठ्या जमीनदारीचें ठाणें होतें. इ. स. १८१८ मध्यें तेथील जमीनदार चिमणा पटेल यानें शस्त्र उचललें. इंग्रजांनीं कॅप्टन गॉर्डन याजबरोबर फौज पाठवून त्याचा मोड केला, आणि जमीनदारी त्याच्या घराण्याकडून काढून दुसऱ्या घराण्याकडे दिली. इंग्रज अंमलदारांच्या लेखीं हें ‘बंड’ ठरलें, व तोच शब्द मराठींतहि जसाच्या तसा उतरला. उलट पक्षीं, आतां अशा कृत्यास स्वातंत्र्यवीराचें शौर्य म्हणण्याची प्रवृत्ति दिसते. पहिल्या शब्दाची छाननी झाली नाहीं, तशी दुसऱ्याचीहि झालेली नाहीं.

‘बंड’ या शब्दाचा विचार आधीं करूं. बंड म्हणावयाचें तर ज्याच्याविरुद्ध तें झालें त्याचा अधिकार न्याय्य होता, असें गृहीत धरावें लागतें. येथें कालक्रम पाहण्यासारखा आहे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्यें झाली. मार्च १८१८ मध्यें रेसिडेंट जेंकिन्स यानें आप्पासाहेब भोसल्यांस कैद केलें. मे महिन्यांत ते वाटेंतून निसटले. जूनच्या आरंभीं दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि त्याच महिन्यांत अल्पवयी तिसरा रघूजी नागपूरच्या गादीवर बसविला गेला. कारभार अर्थात् जेंकिन्सच्या हातीं राहिला. म्हणजे एक राजा पदच्युत पण हयात व मोकळा, दुसरा गादीवर पण अज्ञान, आणि सत्ता तिसऱ्याचीच, अशी त्या वर्षींची स्थिति होती. अशा वेळीं जमीनदारानें कोणाशीं इमान राखावें, हाच मुळीं वादाचा प्रश्न होता. ‘बंड’ हा शब्द त्या वादाचा निर्णय न करितां तो रेसिडेंटच्या बाजूनें झालाच आहे असें धरून चालतो.

मग ‘साहस’ म्हणावें काय? या शब्दाचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. मनूनें सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत ‘साहस’ हें एक आहे, व तें अपराधाचें नांव आहे. कौटिल्यानें चोरी व साहस यांतील भेद सांगतांना, उघडपणें व बळानें केलेलें कृत्य तें साहस, असें ठरविलें आहे. दंडाच्या मोजमापालाहि हेंच नांव पडलें. मनूच्या मतें उत्तम साहस म्हणजे १००० पण दंड होय. तेव्हां चिमणा पटलाच्या कृत्यास गौरवानें ‘साहस’ म्हणणारा लेखक, शब्दाचा जुना अर्थ घेतला तर, नकळत रेसिडेंटचीच फिर्याद मांडतो.

स्तुति व निंदा यांचा असा संकर केवळ या शब्दांतच आहे असें नाहीं. ‘धीट’ व ‘धिटाई’ हे शब्द ज्या ‘धृष्ट’ शब्दापासून निघाले, त्याच्यापासूनच ‘धार्ष्ट्य’ झालें. पण लेंकराच्या धिटाईचें आम्ही कौतुक करितों आणि धार्ष्ट्याबद्दल कान उपटतों. इंग्रजींतील ‘डेअर’ व ग्रीकांतील ‘थार्सोस’ हे शब्द याच धृष् धातूचे दूरचे भाऊबंद. ग्रीकांनीं तर ‘थार्सोस’ सामान्यतः धैर्याकडे आणि त्याचेंच दुसरें रूप ‘थ्रासोस’ उद्दामपणाकडे, अशी वांटणी केली. अरबींतून फारसीच्या द्वारें आलेल्या ‘हिंमत’ शब्दाच्या मुळाशीं मनाच्या उंच संकल्पाचा अर्थ आहे.

मराठींत या शब्दांमधील भेद क्रियापदांनीं राखिला आहे, तिकडे कोशकारांपेक्षां इतिहासकारानें अधिक लक्ष द्यावें. धीर धरावयाचा असतो, हिंमत बांधावयाची असते, धिटाई दाखवावयाची असते, धाडस करावयाचें असतें. जें धरावयाचें तें संकटांत कसास लागतें. जें दाखवावयाचें त्यास समोर कोणी वडील वा वरिष्ठ लागतो. जें करावयाचें त्यांत पाऊल पुढें पडावें लागतें. पुंडाई मात्र नेहमीं दुसऱ्याची असते; आपण पुंडाई केली असें कोणी सहसा म्हणत नाहीं.

या कसोटीस कामठ्याचा प्रसंग लावून पाहूं. शौर्य म्हणावें तर रणांतील वर्तनाचा पुरावा पाहिजे. धैर्य म्हणावें तर पराभवानंतरच्या वागणुकीचा पाहिजे. राजनिष्ठा म्हणावें तर हेतूचा पाहिजे. जमीनदारास स्वतःचे हितसंबंध असतात, हा आक्षेप कोणी घेईल तर तो आम्हांस मान्य आहे. तथापि दोन गोष्टी निर्विवाद उरतात. सीताबर्डी हरल्यावर आणि पेशवाई संपल्याच्या वर्षींच हें पाऊल पडलें; आणि त्यांत पणास लागलेली वस्तु, म्हणजे जमीनदारी, खरोखरच गेली. आप्पासाहेब त्या काळांत महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयानें झुंजत होते, म्हणून त्यास निव्वळ अविचारहि म्हणतां येत नाहीं. जोखीम डोळ्यांसमोर असतां पाऊल टाकणें यास मराठींत नेमका शब्द आहे, धाडस. तो हेतूची ग्वाही देत नाहीं, यशाची अपेक्षा करीत नाहीं आणि कोणत्याहि सरकारचा न्यायाधिकार गृहीत धरीत नाहीं.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठीं एवढा खटाटोप कशाला? परंतु ज्या गांवाच्या वांट्यास मोठ्या इतिहासांत दोनचार ओळीच येतात, त्या गांवाचा इतिहास त्या ओळींतील एका शब्दावर उभा असतो. कागदांत ‘बंड’ असेल तर अवतरण देतांना तें तसेंच ठेवावें. कागद बदलण्याचा अधिकार संशोधकास नाहीं. पण अवतरणचिन्हाबाहेर आल्यावर पुढचा शब्द आपला असतो, व त्याची जबाबदारीहि आपलीच असते.