कड पुसली, सांधा राहिला

शिरोली एमआयडीसीत बोलायचं, तर उदाहरणही इथलंच घेऊ या: हमरस्त्याकडेचे फ्लेक्स. वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, त्यावरच्या फोटोंना कड नसते. एकाचा खांदा दुसऱ्याच्या खांद्यात विरघळतो आणि खाली ढग येतात.

हे करतात कसं, ते आधी बघू. फोटोशॉपमध्ये एका फोटोवर दुसरा ठेवायचा, वरच्याला लेयर मास्क लावायचा आणि त्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट ओढायचा. मास्क पांढरा तिथं वरचा फोटो दिसतो, काळा तिथं लपतो, करडा तिथं दोन्ही एकमेकांत मिसळतात. पण मास्क सांभाळतो ती फक्त कड. एका चेहऱ्यावर डावीकडून ऊन, दुसऱ्यावर समोरून फ्लॅश. हा फरक ग्रेडियंटनं जात नाही.

फौंड्रीतल्या माणसाला हे फोडून सांगायला नको. साच्यात धातूचे दोन प्रवाह थंडावून भेटले की एकजीव होत नाहीत, 'कोल्ड शट' पडतो. वरून ग्राइंडर मारला की पृष्ठभाग गुळगुळीत दिसेल. आतला सांधा मात्र कच्चाच राहू शकतो. आमच्या मते बहुतेक फ्लेक्सवरचा फेड हा असाच ग्राइंडर आहे.

मग पुसट कड वाईटच का? तसं नाही. आपल्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. पडदे रंगवणारा दूरचा डोंगर पुसट करतो, कारण तो दूर आहे. तिथं पुसटपणाला अर्थ असतो. जोडकामही नवं नाही. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सननं 1858 मध्ये पाच निगेटिव्ह जोडून 'फेडिंग अवे' हे छायाचित्र केलं. मरणाच्या दारातली मुलगी, जवळ दोन बायका, खिडकीकडे तोंड करून उभा पाठमोरा पुरुष. फोटो तुकड्यांचा, पण त्या मुलीला खोली आहे, माणसं आहेत.

आता इथल्या एखाद्या कामगाराचा श्रद्धांजली फ्लेक्स मनात आणा. समजा, घरच्यांनी दिलेला फोटो भट्टीसमोरचा आहे आणि खांद्यावर दोस्ताचा हात आहे. फ्लेक्सवर काय उरतं? चेहरा आणि ढग. भट्टी गेली, हात गेला. ज्या जागेवर त्या माणसानं आयुष्य काढलं, ती जागाच आपण 'बॅकग्राऊंड' म्हणून पुसून टाकली. डिझाइन करणाऱ्या पोराला दोष देऊन भागणार नाही. रात्रीतून फ्लेक्स हवा असतो आणि ढग तयारच मिळतात. 'मागचं काढून टाक' असं सांगणारे आपणच असतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: फोटो जोडायचेच असतील तर आधी उजेडाची दिशा, रंग आणि चेहऱ्यांचा आकार जुळवा, मग फेड द्या. आणि एकच फोटो असेल, तर खांद्यावरचा तो हात राहू द्या.