अधिमान : साक्षात्काराच्या दाव्याची तिसरी कोटी

आध्यात्मिक अनुभूतीच्या कथनाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या समीक्षेत रूढ आहेत. अनुभूती स्वयंप्रमाण मानून तिच्यापुढे मौन पाळायचे, किंवा तिच्यात दंभ शोधायचा. दोन्ही रीतींत सांगणारा एकतर खरा असतो, नाहीतर खोटारडा. पाली परंपरेने मात्र तिसरी कोटी मानली आहे : अधिमान. जे लाभले नाही ते लाभले, असे प्रामाणिकपणे वाटणे.

विनयपिटकातील चौथा पाराजिक नियम या संदर्भात पाहण्याजोगा आहे. वज्जींच्या प्रदेशात दुष्काळ असताना वग्गुमुदा नदीकाठच्या भिक्षूंनी गृहस्थांपुढे एकमेकांच्या सिद्धी वाखाणल्या आणि भिक्षेची सोय करून घेतली. त्यातून नियम आला : खोटा दावा करणारा संघाला कायमचा मुकतो. पुढे त्यात अधिमानाचा अपवाद घातला गेला. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की दावा खरा असला तरी उपसंपदा न घेतलेल्या माणसापुढे तो उच्चारणे हादेखील, सौम्य का होईना, दोषच ठरतो. कथन खरे आहे एवढ्याने त्याचा उच्चार समर्थनीय होत नाही. कोण बोलतो, कोणापुढे, आणि पदरात काय पडते, हे प्रश्न विनयकारांनी कथनमीमांसेच्या कितीतरी आधी विचारले होते.

अधिमानाची सर्वांत मार्मिक कथा बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात येते. महानाग स्थविर साठ वर्षे स्वतःला अर्हत समजत होते. त्यांचा शिष्य धम्मदिन्न त्यांना अवघड प्रश्न विचारतो. ते अडखळत नाहीत. मग तो त्यांना ऋद्धिबलाने अंगावर धावून येणारा हत्ती निर्माण करायला सांगतो. हत्ती येतो, आणि स्थविर स्वतःच्याच निर्मितीला भिऊन पळू लागतात. शिष्य चीवराचे टोक धरून विचारतो, की क्षीणास्रवाला भय असते काय? पांडित्य खरे, ऋद्धी खरी, दावा तेवढा चुकीचा. महानाग शिष्याच्या पायाशी बसून मार्गदर्शन मागतात.

मराठी वाचकाला येथे तेरच्या गोरोबाकाकांचे थापटणे आठवल्यावाचून राहणार नाही. नामदेवांना तो मार रुचला नाही आणि मडके कच्चे ठरले. दोन्ही कथांत कस लागतो तो अनुभवाच्या वर्णनाचा नव्हे, आघातावरील प्रतिक्रियेचा. परंतु धम्मदिन्नाची परीक्षा एकांतातली आहे, गोरोबांची भरल्या संतमेळ्यातली. म्हणून एकीत लाज अवघ्या क्षणाची, तर दुसरीत तीच पुढच्या प्रवासाची प्रेरणा. परंपरेनुसार हा प्रवास औंढ्याला विसोबा खेचरांकडे होतो. परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी लागते, औंढा त्याच्या पुढे. 1999 पर्यंत बोरी आणि औंढा एकाच जिल्ह्यात होते. या मुलुखात ‘कच्चे मडके’ हा केवळ वाक्प्रचार नाही. मात्र आपण तो निर्भर्त्सनेसाठी वापरतो, आणि कच्चे असणे म्हणजे खोटे असणे नव्हे, हा कथेचा गाभाच निसटतो.

परीक्षक सिद्ध नसेल तर? हा प्रश्न अधिक अवघड आहे. 1904 च्या सुमारास धर्मानंद कोसंबी आणि जर्मन भिक्षू ज्ञानतिलोक ब्रह्मदेशात सगाईंच्या डोंगरातील गुहांत राहून ध्यान शिकत होते. शिकवणारा भिक्षू अर्हत असल्याची ख्याती होती. ख्याती हा शब्द येथे महत्त्वाचा. विनयाने साधकाचे तोंड बांधले, की दावा लोकमुखातून बोलू लागतो, आणि लोकमुखाला पाराजिकाचे भय नाही. त्याची तपासणी कशी करायची?

संयुत्तनिकायातील एका सुत्तात त्याचे उत्तर आहे. कोसलचा राजा पसेनदी रस्त्याने चाललेल्या जटिल, निगंठ आदी तापसांना हात जोडतो आणि हे अर्हतांपैकी असावेत असे बुद्धाला सांगतो. बुद्ध म्हणतो, प्रपंचात बुडालेल्याला हे ओळखणे कठीण. शील कळते ते सहवासाने, तेही दीर्घ काळाने. सचोटी व्यवहाराने, धैर्य संकटात, प्रज्ञा संवादात. एका दृष्टीने ही कसोटी बोरीसारख्या गावातल्या माणसाला विद्यापीठातल्या वाचकापेक्षा जवळची आहे, कारण त्याच्या वाट्याला निदान सहवास येतो. आपल्या हाती नुसती संहिता. राजा मात्र हे ऐकून चकित होतो आणि खरे सांगून टाकतो : ते तापस त्याचेच हेर होते, आणि आता धूळ धुऊन, दाढी करून, पांढरी वस्त्रे लेवून घरोघरी सुखात रमणार होते.