नास्तिकाच्या घरची हकीकत

मराठीत निरीश्वरवादी लेखनाची वाण नाही. 'सुधारक'चे आगरकर, 'समाजस्वास्थ्य'चे र. धों. कर्वे, 'आजचा सुधारक'चे दि. य. देशपांडे, डॉ. श्रीराम लागू, शरद बेडेकर ही नावे वाचकाला सहज आठवतील. आम्ही गुजरात राज्याच्या सेवेत आयुष्य काढले. ही पुस्तके आणि अंक कधी टपालाने, कधी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून आमच्यापर्यंत पोहोचत राहिले. त्यांचे ऋण आमच्यावर आहे आणि ते आधी मान्य करूनच आम्ही आमची तक्रार मांडत आहोत. माणूस ईश्वर मानायचे का सोडतो, हे या लेखकांनी उत्तम सांगितले. सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरात काय झाले, हे मात्र जवळजवळ कोणीच सांगितले नाही.

ही तक्रार आम्हांला सुचली ती वाचनातून नव्हे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका कागदावर लिहून ठेवले की आमच्या मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये. अश्विनीकुमार स्मशानभूमीत दहन करावे आणि तिथेच प्रकरण संपवावे. चाळीस वर्षे आम्ही देव मानत नाही, हे सौ.ना ठाऊक आहे. आमच्या देवघरात त्या रोज दिवा लावतात आणि आम्ही तेल संपले की आणून देतो. यावरून कधी वाद झाला नाही. तो कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अहो, तुमचं ठीक आहे, तुम्ही जाल. लोकांना तोंड मला द्यायचंय." त्या रात्री आम्ही कपाटातील पुस्तके उत्तर शोधण्यासाठी चाळली. तर्क पुष्कळ सापडले, पण या वाक्याला देण्याजोगे काही सापडले नाही.

बमरोली हे उधना-पांडेसऱ्याच्या शेजारचे ठिकाण. लूमच्या खात्यांत कामाला आलेली खानदेशी माणसे या भागात मोठ्या संख्येने राहतात. गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते, गणपतीत मंडप उभे राहतात आणि कोणाच्या घरी कोणती पूजा झाली नाही, हे चार दिवसांत सर्वांना कळते. सुरतेचा आणि आमच्या विषयाचा संबंध मात्र याहून जुना आहे. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे मानवधर्मसभा काढली, त्यांत मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग प्रमुख होते. भूत उतरविणाऱ्या मांत्रिकांना या सभेने जाहीर आव्हाने दिली. ही मंडळी नास्तिक नव्हती, एकेश्वरवादी होती. पण रूढी बुद्धीवर घासून पाहण्याची सवय त्यांनी या गावाला लावू पाहिली. पुढे दादोबा मुंबईस गेले आणि १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. सुरतेची सभा उघड होती, मुंबईची गुप्त. जातिभेद मोडण्यासाठी एकत्र खाणे आणि प्रार्थना करणे हे सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली. नावे बाहेर पडणार या धास्तीने सभा विस्कटली.

त्या परमहंसांना भित्रे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हीही तरुणपणी म्हणत असू. आता वाटते, ते कोणाला भीत होते हे नीट पाहिले पाहिजे. पाव खाल्ला म्हणून सरकार तुरुंगात घालणार नव्हते. भीती होती ती आई पानावरून उठून जाईल, बहिणीचे लग्न मोडेल, पत्नीला माहेरी नेऊन ठेवतील, याची. अशा प्रसंगाचा एखाद्या सभासदाने मागे ठेवलेला तपशीलवार कौटुंबिक वृत्तांत आमच्या वाचनात नाही. तो असता तर मराठी गद्याला मोठे धन लाभले असते. या बाबतीत गुजरातीतला नर्मद अधिक मोकळा. 'मारी हकीकत' १८६६ मध्येच लिहून त्याने स्वतःला उघडे केले. पण हाच सुधारक पुढे १८८५ च्या 'धर्मविचार'पर्यंत परंपरेकडे परतला. तो का परतला, यावर गुजराती समीक्षक आजही वाद घालतात. आमचा कल असा की एकट्याने वाहिलेले ओझे किती वर्षे वाहायचे, हाही त्या प्रश्नाचा एक भाग असावा.

आगरकरांकडे येऊ. निरीश्वरवाद किंवा अज्ञेयवाद दाराशी आणून ठेवणारा त्यांच्यासारखा लेखक मराठीत दुसरा नाही. 'देवतोत्पत्ति'सारख्या निबंधात ते देवांचा उगम माणसाच्या भीतीत आणि अज्ञानात शोधतात. आणि तोच लेखक 'स्त्रियांनी जाकिटें घातलीच पाहिजेत' असेही लिहितो. विश्वाच्या आदिकारणापासून पोलक्यापर्यंत एकच कसोटी लावणारा हा बाणा अजब आहे. नंतरच्या निरीश्वरवाद्यांनी आदिकारण उचलले आणि पोलके सोडून दिले. आगरकरांना कळले होते की ईश्वर ग्रंथांत कमी आणि सोवळ्यात, स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या वस्तऱ्यात अधिक राहतो. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुण्यात जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली.

आणि तरीही हे घर समाजाचे आहे, आगरकरांचे नाही. त्यांना स्वतःविषयी लिहिता येत नव्हते असे नाही. टिळकांबरोबर भोगलेल्या कारावासावरील 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे १८८२ चे पुस्तक पाहावे. तिथे कोठडी, जेवण, गप्पा, सारे अंगावर येते. मोठ्या पगाराची आशा सोड, असे आईला कळविणारे त्यांचे पत्र प्रसिद्धच आहे. पण देवाविषयी त्यांनी आईला काय सांगितले? यशोदाबाई आपले व्रतवैकल्य करीत आणि आगरकर आड येत नसत, असे सांगितले जाते. त्या घरात एकादशीच्या दिवशी दोन माणसे समोरासमोर बसून काय बोलत असतील? १७ जून १८९५ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आगरकर गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडी बांधून उशाशी ठेवले होते, अशी आठवण सांगतात. ती वाचून आम्हां सर्वांचे डोळे ओलावतात, आणि पुडी सोडणारे हात कोणाचे होते, हे विचारायचे राहून जाते.

त्याच वर्षी, चार महिने आधी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या घटनेनंतर घरात काय झाले, हे मराठी वाचकाला घडोघडी ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. नवऱ्याचे मत बदलले तेव्हा बायकोचे पाणी, चूल, नातेवाईक, रडणे आणि हसणेसुद्धा कसे बदलले, याचा तो वृत्तांत आहे. टिळकांच्या धर्मविचारांवरील प्रबंध आज फार थोडे लोक वाचतात; 'स्मृतिचित्रे' सारे वाचतात. त्याआधी १९१० मध्ये रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या. पंचहौद मिशनच्या चहानंतर न्यायमूर्तींनी प्रायश्चित्त घेतले, ते स्वतःसाठी नव्हे तर अडचणीत आलेल्या स्नेह्यासाठी, ही त्या प्रकरणाची आतली बाजू आपल्याला रमाबाईंमुळे कळते. पुढे आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण' आले. म्हणजे प्रार्थनासमाजिस्टाच्या घराचा, ख्रिस्ती झालेल्या कवीच्या घराचा, विधवाविवाह करणाऱ्या सुधारकाच्या घराचा साक्षीदार मराठीत आहे, आणि तिन्ही ठिकाणी ती पत्नी आहे. नास्तिकाच्या घराची तेवढ्या तोलाची साक्ष आमच्या वाचनात नाही.

याचे कारण काय असावे? धर्म बदलणाऱ्याला नवी मंडळी मिळतात, नवी प्रार्थना मिळते, निदान नवे भांडण तरी मिळते. त्यात पत्नीलाही एक जागा असते, विरोधाची का होईना. नास्तिकाच्या पत्नीला जागाच नसते. नवरा कोठेही गेलेला नसतो. तो तिथेच खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत असतो. फक्त सत्यनारायणाला पाटावर बसायला येत नाही. यात कथा दिसत नाही, म्हणून कोणी सांगितली नाही. आम्हांला तर त्यात लक्ष्मीबाईंच्या लेखणीला पुरेल एवढी सामग्री दिसते.

डॉ. लागूंचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 'हिमालयाची सावली' या कानेटकरांच्या १९७२ च्या नाटकात त्यांनी नानासाहेब भानूंची भूमिका केली. महर्षी कर्व्यांच्या चरित्राची छाया असलेल्या त्या नाटकाचा खरा भार नानासाहेबांवर नाही, बयोवर आहे; ध्येयवाद्याच्या संसाराचा हिशेब ती मांडते. ज्या नटाने तो हिशेब रंगभूमीवर रोज रात्री ऐकून घेतला, त्याने ईश्वराला निवृत्त करण्याची मागणी करणारा आपला प्रसिद्ध लेख लिहिताना मात्र बयोला बोलू दिले नाही. लेख धारदार आहे, निर्भय आहे, आणि लोकप्रिय नटाने तो लिहावा याला आपल्याकडे मोठे धैर्य लागते. पण त्यात बोलणारा माणूस एकटा आहे. 'लमाण' या २००४ च्या आत्मकथनातही घर अंगावर घेतलेले नाही. अर्थात लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो लमाण, अशी त्या ग्रंथाची प्रतिज्ञाच असल्यामुळे त्याला हे मागणे अन्यायाचे होईल. आम्ही न्याय मागत नसून भूक सांगत आहोत.

लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा वाद-संवाद गावोगावी होत असे. ईश्वराची कल्पना हीच मोठी अंधश्रद्धा, असे लागू म्हणत. देवाला विरोध हा चळवळीचा कार्यक्रम नाही, शोषणाला विरोध हा आहे, अशी दाभोलकरांची भूमिका. कट्टर मित्र या भूमिकेला तडजोड म्हणत. आम्हांला ती घर पाहिलेल्या माणसाची भूमिका वाटते. कार्यकर्त्याची आई वारीला जाते, हे गृहीत धरून ती आखलेली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. एवढ्या सावधपणे मांडलेला विवेकही ज्यांना सोसला नाही त्यांच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही; विषय निराळा होईल.

भगतसिंगांच्या १९३० च्या नास्तिकतेवरील निबंधाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. फाशीच्या छायेतले ते लेखन थोरच आहे. पण संसारी माणसाला ते एका बाबतीत उपयोगी पडत नाही. तुरुंगाच्या कोठडीत देवघर नसते आणि तिथे कोणी मुलीसाठी स्थळ पाहायला येत नाही.

सरकारी कागदाची बाजू त्या मानाने सोपी आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. २००१ च्या जनगणनेत आमच्याकडे देखरेखीचे काम होते. आमच्या स्वतःच्या घरी आलेल्या प्रगणकाने दारावरची पाटी वाचून धर्माचा रकाना न विचारताच भरला, आणि आम्ही, त्याचे वरिष्ठ, चहा पुढे करून गप्प राहिलो. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनी नास्तिक म्हणून नोंद केली, त्यांत साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. आमच्यासारखे किती चहा पुढे करून बसले, त्याची मोजदाद नाही.

गप्प राहण्याचाच आणखी एक प्रसंग सांगणे भाग आहे, कारण इतरांकडून हकीकत मागणाऱ्याने आपली लपवू नये. वडील गेले तेव्हा आम्ही नास्तिक होऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आईसाठी आम्ही क्षौर केले, दहाव्याला पिंड ठेवले. कावळा शिवेना. ऊन चढत होते, भाऊबंद कुजबुजत होते, भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा आम्ही मनातल्या मनात म्हटले, "दादा, आईला मी सांभाळीन." थोड्या वेळाने कावळा आला. तो भुकेने आला, हे आम्हांला तेव्हाही ठाऊक होते. पण ते वाक्य आम्ही कोणाला उद्देशून बोललो? या प्रश्नाला निरीश्वरवादी ग्रंथांत उत्तर नाही, कारण तो प्रश्नच त्यांत नाही. 'गुजरातमित्र'मधील रमण पाठक 'वाचस्पति' यांचे 'रमणभ्रमण' आम्ही वर्षानुवर्षे वाचले. रोजच्या रूढींवर इतके नेमके बोट ठेवणारे सदर विरळा; पण बोट ठेवणाऱ्याचा हात कापला की नाही, हे तिथेही कळत नसे.

मराठीतल्या वयस्क नास्तिकांनी आता आदिकारणाचा वाद थोडा बाजूला ठेवावा आणि आपली घरे लिहावीत. त्याहून बरे, ती त्यांच्या पत्नींनी, सुनांनी लिहावीत. त्यात आमची बाजू पडती दिसेल, दिसू द्यावी.

आमचा तो कागद अजून कपाटात आहे. गेल्या महिन्यात तो काढून पाहिला तेव्हा आमच्या मजकुराखाली सौ.नी पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेल्या आढळल्या. विधी करणार नाही, असे त्यांनी लिहिले आहे. दहाव्या दिवशी गच्चीवर भाताचा घास मात्र ठेवणार, आणि तो कोणासाठी हे कोणी विचारू नये.