शिकाऱ्याची नीती आणि रानाचा हिशेब

कोंढ्याच्या शाळेत शिकारीविषयी बोलणं सोपं नाही. पुस्तकात ‘प्राणी वाचवा’ असतं, आणि रात्री रानडुकरांनी धानाची बांधी तुडवलेली मुलानं सकाळीच पाहिलेली असते. 2012 साली झालेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यही याच मुलखातलं. अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : नियम पाळणारा शिकारीच वन्यजीवांचा खरा मित्र. दाखला असतो जिम कॉर्बेटचा. तेव्हा त्याचं ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ (1944) हे पुस्तकच तपासून पाहू.

कॉर्बेटचा मोठा गुण म्हणजे तो कारण शोधतो. 436 माणसं मारणारी चंपावतची वाघीण त्यानं 1907 साली मारली. तिचे उजवीकडचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीमुळे. म्हणजे एका शिकाऱ्याची चूक दुसऱ्याला निस्तरावी लागली. ही प्रकरणं वर्गात जरूर वाचावीत. निरीक्षणातून निष्कर्ष कसा काढायचा, हे त्यांत दिसतं.

पण याच पुस्तकात ‘पवलगढचा बॅचलर’ही आहे. या वाघानं माणूस मारला नव्हता. तो फार मोठा होता, म्हणून 1930 साली कॉर्बेटनंच त्याला टिपलं. इथे युक्तिवाद लंगडा पडतो. निसर्गात दुबळे, म्हातारे जीव आधी बळी पडतात. शिकारी मात्र सर्वांत दणकट नर निवडतो. हद्दीतला नर गेला की नवा नर येऊन बछडे मारण्याचा धोका असतो. एका गोळीचा हिशेब एकावर थांबत नाही. नागझिऱ्याहून इकडे आलेला ‘जय’ असाच धिप्पाड होता. 2016 नंतर तो दिसला नाही.

रानडुकराचं गणित वेगळं. मादी एका वेतात अनेक पिल्लं देते, त्यामुळे थोडी मारली तरी संख्या लवकर भरून निघते. पिकाचं नुकसान होत असेल तर परवानगीनं मारण्याची तरतूद 1972 च्या कायद्यातच आहे. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तिला उत्तर हवंच. पण डुक्कर हे वाघाचंही अन्न. किती होती, किती उरली, नुकसान घटलं का, हे मोजलं नाही, तर त्या शिकारीला संवर्धन कसं म्हणायचं?

बंदूक कशी चालवावी, हे शिकाऱ्याची नीती सांगते. चालवावी की नाही, हे मोजणीनंतरच ठरवता येतं. मुलांना बांधीतलं नुकसान हंगामभर मोजायला लावा. या वादात त्यांचं म्हणणं सर्वांत वजनदार ठरेल.