सरळ रेषेचा मोह

अँड्र्यू स्ट्रॉमिंजर यांनी २०१६ साली हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्याने २०१८ मध्ये प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपात आणली. गुरुत्व आणि विद्युतचुंबकत्व यांच्या अतिमंद लहरींवरचे हे पुस्तक आज पाठ्यग्रंथासारखे वाचले जाते. ते तसे वाचले जावे, याबद्दल वाद नाही. त्याच्या मांडणीतल्या एका गृहीताकडे मात्र वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. ते गृहीत आपल्या चार मितींच्या विश्वात टिकत नाही, एवढेच इथे दाखवायचे आहे.

विषय दुर्गम वाटला तरी चित्र साधे आहे. दोन विद्युतभारित कण दुरून येतात, एकमेकांजवळून जाताना वळतात आणि पुन्हा दूर निघून जातात. याला प्रकीर्णन म्हणतात. वळताना वेग बदलतो, म्हणून प्रारण बाहेर पडते. या भेटीला जितका वेळ लागतो त्याहून ज्या लहरीचे एक आंदोलन फार लांब असते, तिला भेटीतले बारकावे दिसत नाहीत. कण कोणत्या संवेगाने आले आणि कोणत्या संवेगाने गेले, एवढेच तिला कळते. म्हणून वारंवारता शून्याकडे जाताना प्रारणातला प्रमुख भाग वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि त्याचा गुणक केवळ संवेगांवरून ठरतो. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रकाशकण आणि गुरुत्वकण या दोहोंसाठी हे एकत्र मांडले.

गुरुत्वाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की लहर निघून गेल्यावरही दोन मुक्त वस्तूंमधले अंतर किंचित, पण कायमचे बदललेले राहते. झेल्डोविच आणि पोल्नारेव यांनी १९७४ मध्ये हा परिणाम दाखवला. पुढे त्याला 'स्मृती' हे नाव पडले. बाहेर पडणाऱ्या गुरुत्वीय लहरी स्वतःही या स्मृतीत भर घालतात, हे क्रिस्टोडुलू यांनी १९९१ मध्ये दाखवले.

स्ट्रॉमिंजर यांचे श्रेय असे, की वाइनबर्ग यांचा सिद्धांत, ही स्मृती आणि बाँडी, मेट्झनर, साक्स यांनी १९६२ मध्ये शोधलेल्या अनंतावरच्या सममिती या तिन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्यांनी ओळखले. एकमेकांचे लेखन फारसे न वाचणाऱ्या तीन वर्तुळांना त्यांनी एका त्रिकोणात बसवले.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. प्रमुख पदानंतरच्या पदासाठी केवळ संवेग पुरत नाहीत; प्रत्येक कणाचा कोनीय संवेगही लागतो. तो ठरवायला कण शेवटी सरळ रेषेत जातो असे मानावे लागते. चार मितींत तो तसा जात नाही. कूलोंबचे किंवा न्यूटनचे बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि अंतर काळाबरोबर वाढते. म्हणजे त्वरण काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि वेगात काळाच्या व्यस्त प्रमाणातली त्रुटी उरते. स्थानात तीच त्रुटी काळाच्या लॉगरिदमप्रमाणे वाढत जाते. कितीही थांबा, कण सरळ रेषेला लागतच नाही, आणि सूत्राला हवा असलेला कोनीय संवेग निश्चित होत नाही. पाचव्या मितीत बल अधिक वेगाने विरते, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

स्ट्रॉमिंजर यांच्यावर अन्याय नको. पुंज दुरुस्त्यांचा प्रश्न २०१४ पासून चर्चेत होता आणि त्यांनी स्वतःही सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये त्यावर काम केले. परंतु वाचकाच्या मनात ठसतो तो त्रिकोणाचा रेखीवपणा. दोष असलाच तर या ठशाचा आहे.

अभिजात भौतिकीतले उत्तर भारतातून आले. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे अलोक लढ्ढा आणि तेव्हा अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत असलेले अशोक सेन यांनी २०१८ मध्ये दाखवले, की प्रमुख पदानंतर वारंवारतेच्या लॉगरिदमचे पद येते. साहा, साहू आणि सेन यांनी पुढे त्याची सिद्धता दिली. काळाच्या भाषेत सांगायचे तर स्मृतीची पायरी एकदम स्थिर होत नाही. तिच्यामागे काळाच्या व्यस्त प्रमाणात विरणारे एक लांब शेपूट राहते. विशेष म्हणजे या पदाच्या गुणकाला कोनीय संवेग लागत नाही. आले-गेलेल्यांचे संवेग आणि भार पुरेसे होतात. सार्वत्रिकतेचा दावा आक्षेपाने मोडला नाही, उलट अधिक भक्कम झाला.

तरीही तो कुठे लागू पडतो हे पाहावे लागते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या कृष्णविवरांच्या मीलनाचा 'आवाज' आपल्याकडे घरोघरी पोचला. त्या घटनेत शेवटी एकच जड वस्तू उरली. बाकीचे, सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान, लहरींच्या रूपाने गेले. अशा वेळी स्मृती उरते, पण शेपटाचा गुणक शून्य होतो. ते दिसण्यासाठी ताऱ्याचा स्फोट होऊन जड तुकडे वेगवेगळ्या दिशांना जावे लागतात. म्हणजे ज्या घटनेवरून हा विषय आपल्याला ठाऊक झाला, तीच घटना या बाबतीत मुकी आहे.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळेला सेकंदाला दहा आंदोलनांच्या खालच्या लहरी ऐकणे कठीण जाते, कारण तिथे जमिनीचे हादरेच वरचढ ठरतात. एका घटनेतली स्मृती तिथे हाती लागण्याची शक्यता कमी. अनेक घटनांच्या नोंदी एकत्र करून ती शोधण्याचा प्रस्ताव २०१६ पासून आहे. हिंगोलीबद्दल लिहिताना आपण आवाजाची उपमा वापरू, ते स्वाभाविकही आहे. मात्र आवाज थांबल्यावर जे उरते तेही या शास्त्राच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब सरळ रेषा गृहीत धरून पुरा होत नाही, हे सोबत सांगायला हवे.