लिनक्सची निवड : सत्ता आणि सातत्य

लिनक्स वितरणांची चर्चा बहुधा दोन गुणांभोवती फिरते : यंत्रावरील स्वतःची सत्ता आणि नव्या आवृत्तीकडे जाण्याची सुलभता. हे गुण परस्परविरोधी आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ते गृहीत तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

लिनक्स हे काटेकोरपणे पाहता लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या कर्नलचे नाव. त्याभोवती हजारो प्रणाली निवडून, जुळवून आणि तपासून जो संच सिद्ध होतो ते वितरण. पाठचिकित्सेच्या परिभाषेत ही एकाच संहितेची निरनिराळी वाचना आहे. तेव्हा वितरणाची निवड ही संपादकाची निवड ठरते.

पेठ तालुक्यातील कोकणा बोलीची शब्दसूची सिद्ध करणारा अभ्यासक उदाहरणादाखल घेऊ. त्याची सूची वर्णक्रमावर उभी असते. हा क्रम लावण्याचे नियम बहुतेक लिनक्स वितरणांत जीलिबसी या मूलभूत संग्रहातून येतात. २०१८ च्या ऑगस्टमधील त्याच्या २.२८ या आवृत्तीत ते नियम व्यापक प्रमाणावर बदलले. परिणामी पोस्टग्रेस माहितीकोशांतील जुन्या क्रमाने बांधलेल्या अनुक्रमणी सदोष ठरू लागल्या. नोंदलेला शब्दच शोधात न सापडण्याची शक्यता उद्भवली. असा बदल अटळ असेल, पण तो केव्हा यावा हे कोणी ठरवावयाचे?

२००२ पासूनचे आर्च या कसोटीवर पाहावे. कोणता घटक ठेवावा, कोणता वगळावा, याची पुरी मोकळीक तेथे आहे. परंतु ते अखंड बदलणारे वितरण असल्याने काही घटक जुने ठेवून उरलेले नवे करणे त्यास मान्य नाही. म्हणजे ‘काय’ यावर सत्ता आहे, ‘केव्हा’ यावर फारच थोडी. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व पाच वर्षे सांभाळली जाते. तथापि २०२२ च्या आवृत्तीपासून तिच्या भांडारातील फायरफॉक्स स्नॅप स्वरूपातच मिळतो आणि तो स्वतःहून बदलतो. सेंटओएस ८ चा पाठिंबा २०२९ पर्यंत अपेक्षित होता. डिसेंबर २०२० मधील घोषणेने तो २०२१ च्या अखेरीस संपविला. सुलभ संक्रमण केवळ तंत्रावर नव्हे, तर वचन देणाऱ्या संस्थेच्या घडणीवरही अवलंबून असते, हे येथे स्पष्ट होते.

डेबियन १९९३ मध्ये सुरू झाले. त्याचा सामाजिक करार १९९७ चा. कोणा एका कंपनीची मालकी त्यावर नाही. त्याच्या स्थिर आवृत्तीत मुख्यतः सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्याच येतात. उपरोक्त क्रमबदल तेथे जुलै २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीसह आला. मधल्या काळात अभ्यासकास प्रत काढून ठेवण्यास आणि अनुक्रमणी पुन्हा बांधण्याची तयारी करण्यास अवसर होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती निघाली. प्रत्येक आवृत्तीस दीर्घकालीन पाठिंबा धरून सुमारे पाच वर्षे मिळतात.

डेबियनचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यातील प्रणाली लवकरच जुन्या होतात, नव्या यंत्रसामग्रीशी त्याचे सूत कधी उशिरा जुळते आणि मधली आवृत्ती ओलांडून उडी घेता येत नाही. नावीन्य ही ज्याची खरी गरज, त्याने सहामाही फेडोराकडे जावे.

मात्र ज्याच्या संग्रहातील वृद्ध निवेदकाचा आवाज पुन्हा मुद्रित होणे नाही, त्याची गरज वेगळी आहे. बदलाचा दिवस आपण ठरविणे हीच त्याची सत्ता, आणि त्या दिवसासाठी सिद्ध असणे हीच सुलभता. या अर्थाने पाहिल्यास दोन्ही गुणांत विरोध उरत नाही. बोलीसंग्रहाच्या कामासाठी डेबियनची स्थिर आवृत्तीच मला ग्राह्य वाटते.