एकट्याचा अंधार : 'फिलोसोफेम' आणि ब्लॅक मेटलमधील वातावरणनिर्मिती

नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराला त्याचे परिचित रूप लाभले. कर्कशता, वेग व ख्रिस्ती धर्माचा विरोध ही त्याची लक्षणे म्हणून सांगितली जातात. परंतु श्रोता त्यात नेमका कशाने गुंततो, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. वार्ग विकर्नेस याने 'बुर्झुम' या नावाने एकट्याने सिद्ध केलेला 'फिलोसोफेम' हा संग्रह या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्याचे ध्वनिमुद्रण १९९३ मधील, प्रकाशन १९९६ मधील.

वाद्यमेळात वादक परस्परांना प्रतिसाद देत असतात. येथे सर्व वाद्ये व गायन एकाचेच असल्याने तो संवाद उरत नाही. उरते ती स्वगताची बंदिस्तता. गिटारसाठी घरगुती स्टिरिओचा ॲम्प्लिफायर आणि आवाजासाठी हेडसेटचा निकृष्ट मायक्रोफोन मुद्दाम वापरला गेला. परिणामी स्वरांच्या कडा झिजतात, शब्द कळेनासे होतात आणि आक्रोश वादळापलीकडून यावा तसा ऐकू येतो. पहिल्याच रचनेत संथ गिटारवर कीबोर्डचे मोजके स्वर पुनःपुन्हा येत राहतात. या आवर्तनांनी गीत पुढे सरकत नाही, श्रोता मात्र आत आत ओढला जातो. सुमारे २५ मिनिटांची केवळ सिंथेसायझरवरील रचना हेच तत्त्व टोकाला नेते. तेथे, खरे तर, संयमाची परीक्षाच होते. मुखपृष्ठावरील थेओडोर किटेलसेनचे चित्र या साऱ्याला लोककथेतील डोंगरदऱ्यांची पार्श्वभूमी पुरविते.

तथापि, या संग्रहाचा आस्वाद निष्पाप राहू शकत नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये विकर्नेसने सहकलावंत ऑयस्टिन ऑर्सेथ याचा खून केला. १९९४ मध्ये खून व चर्चच्या जाळपोळीबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वंशवादी विचारही सर्वज्ञात आहेत. शब्द अस्पष्ट असल्यामुळे भावनेचे साधारणीकरण सुलभ होते, हे मान्य करावे लागते; पण ज्या धूसरतेने ध्वनी मोहक होतो, तिच्याच आड कर्ताही लपतो. 'कला वेगळी, कलावंत वेगळा' हा युक्तिवाद येथे फार स्वस्तात मिळतो.

स्वित्झर्लंडमधील 'पेझाज दिव्हेर' हा १९९७ मध्ये सुरू झालेला एकलप्रकल्प या संदर्भात लक्षणीय आहे. तेथेही धूसर ध्वनिमुद्रण, दीर्घ आवर्तने व एकाच माणसाचा आवाज आहे. परंतु त्याचा विषय हिवाळा, बर्फ आणि वारा एवढाच आहे.